कॅप बसवल्यावरची सणक, कळ आणि ठणका : घरी काय पाहायचं, दवाखान्यात कधी जायचं

गेल्या पावसाळ्यात गारगोटीकडच्या एक मावशी एसटीनं माझ्याकडे आल्या. खालच्या दाढेला दहा दिवसांपूर्वी कॅप बसवलेली. खुर्चीत बसायच्या आधीच सांगायला लागल्या, "मॅडम, गार पाणी लागलं की सणक मारत्या, ते एक सोसतंय. पर भाकरी चावली की कळ पार मस्तकात जात्या बघा. घरात समदी म्हणत्यात, नवीन टोपी हाय, सवय होईल."

मी दाढांमध्ये निळा कागद ठेवला, दात टेकवायला सांगितले आणि कागद काढला. कॅपच्या आतल्या उंचवट्यावर मोहरीएवढा गडद निळा ठिपका उमटला होता, त्याच्या मधोमध पांढरी टिकली. शेजारच्या दातांवर जेमतेम डाग. म्हणजे मावशींच्या जबड्याचा सगळा भार दहा दिवस त्या एका ठिपक्यावर पडत होता. दोन-तीन मिनिटं घासलं, पुन्हा कागद ठेवला, पुन्हा थोडं घासलं, शेवटी चकाकी दिली. मावशींनी दात दोन-चारदा टेकवून पाहिले आणि म्हणाल्या, "आता सगळे एकदम लागत्यात."

कोल्हापुरात दवाखाना चालवताना मी हे वारंवार बघते. कॅप बसवल्यावर थोडा त्रास होतो, हे खरं आहे. पण कुठला त्रास आपोआप जाणार आणि कुठल्यासाठी लगेच परत यायचं, हे पेशंटला कुणी नीट सांगत नाही. मग एक तर माणूस पहिल्याच रात्री घाबरतो, नाही तर दोन-दोन महिने एका बाजूनं जेवत राहतो. हा लेख त्यासाठी आहे.

सगळ्यात आधी : कॅपखालचा दात जिवंत आहे का?

तुमच्या दाताचं रूट कॅनाल करून मग कॅप बसवली, की रूट कॅनाल न करता नुसती कॅप बसवली? माहीत नसेल तर दवाखान्यात फोन करून विचारा, किंवा फाईल काढून बघा. पुढचं सगळं यावर ठरतं. रूट कॅनाल केलेल्या दातातली नस काढलेली असते, त्यामुळे त्याला गार-गरम कळायला नको. नस शाबूत असलेल्या दाताला मात्र सगळं कळतं, आणि कॅपच्या कामात त्याला बरंच सोसावंही लागलेलं असतं.

ते असं : कॅपला जागा करायची म्हणून दात वरून आणि चारी बाजूंनी घासतात, ठिकाणाप्रमाणे आणि कॅपच्या प्रकाराप्रमाणे साधारण १ ते २ मिलिमीटर. त्यात वरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, बहुतेक निघून जातं आणि आतला डेंटिन उघडा पडतो. डेंटिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी. त्यांत द्रव असतो. गार लागलं, हवा लागली, गोड लागलं की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला टोचल्यासारखं होतं. तीच सणक.

त्यात घासतानाची उष्णता, दात सुकवायला मारलेली हवा आणि पक्की कॅप लॅबमधून येईपर्यंतचे दिवस यांचीही भर पडते. त्या दिवसांत तात्पुरती कॅप सैल झाली किंवा निघाली, तर दात अक्षरशः उघडा राहतो. शेवटी कॅप चिकटवायचं सिमेंट. झिंक फॉस्फेट किंवा ग्लास आयोनोमर ही नेहमीची सिमेंटं कालवल्यावर सुरुवातीला आम्ल असतात आणि बसतील तशी त्यांची आम्लता उतरत जाते. आधीच चिडलेल्या नसेला हेही जाणवतं. म्हणून पहिल्या काही दिवसांच्या सणकेवरून कुणाचं काहीतरी चुकलं असा निष्कर्ष काढू नका.

तुमचं दुखणं कुठलं, त्याला नाव द्या

आपल्या भाषेत दातदुखीला नेमके शब्द आहेत आणि ते डॉक्टरच्या फार कामाचे आहेत. पेशंट नुसतं "दुखतंय" म्हणाला की मला दहा प्रश्न विचारावे लागतात. तोच "सणक येते" म्हणाला की निम्मं काम झालं.

सणक म्हणजे गार, गरम किंवा गोड लागल्यावर वीज चमकल्यासारखं होतं, आणि ते बाजूला केलं की काही सेकंदांत थांबतं. कळ म्हणजे चावल्यावर, दात टेकल्यावर उठणारं दुखणं. चावला नाहीत तर नाही. ठणका म्हणजे काही न खाता-पिता आपणहून सुरू झालेलं, नाडीबरोबर ठोके मारणारं, आडवं झालं की वाढणारं दुखणं. गार-गरम लागल्यावर सुरू होऊन अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळणारं दुखणंही मी याच बाजूला धरते.

सणकेला वेळ द्यायचा. कळ दोन-तीन दिवस बघायची आणि राहिली तर परत जायचं. ठणक्याला वेळ द्यायचाच नाही.

पहिला दिवस

भूल दिलेली असेल तर ओठ किंवा जीभ दोन-चार तास बधिर राहते. तेवढा वेळ काही चावू नका, गाल-ओठ चावला जातो आणि कळतही नाही. गरम तर नकोच. बधिर तोंडानं तांबडा रस्सा प्यालेल्या एका पाहुण्याच्या ओठाला आतून आलेला फोड मी पाहिलाय, दातापेक्षा तोच त्याला आठवडाभर जास्त दुखला.

सिमेंट काही मिनिटांत घट्ट होतं, पण पूर्ण ताकद यायला साधारण दिवस जातो. त्यामुळे पहिले २४ तास त्या बाजूनं चिक्की, गुळाचा खडा, शेंगदाण्याचा लाडू असलं चिकट आणि कडक नको. ब्रश मात्र त्याच रात्री करा, मऊ ब्रशनं.

भूल पूर्ण उतरली की एक गोष्ट आठवणीनं करा. खुर्चीत ताठ बसा, मान सरळ ठेवा, थुंकी गिळा आणि दात हलके टेकवा. सगळे दात एकदम टेकतात की नवी कॅप आधी लागते? मग दात टेकवलेलेच ठेवून जबडा डावी-उजवीकडे किंचित सरकवा. कॅप कुठे अडते का? भूल असताना माणूस नीट चावूच शकत नाही, त्यामुळे दवाखान्यात "बरोबर वाटतंय" म्हणालेल्या माणसाला घरी गेल्यावर वेगळं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्यात संकोच वाटून घेऊ नका.

पुढचे दोन-तीन आठवडे : सणकेची काळजी

मंगळवार पेठेतले एक निवृत्त गुरुजी माझे पेशंट आहेत. त्यांना मी सणकेची नोंद ठेवायला सांगितली. घरातल्या ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहितात, तिच्यावरच त्यांनी प्रत्येक तारखेच्या चौकटीत शिसपेन्सिलनं लिहिलं : 'गार ८', 'गार ८', 'गार ५', मधेच 'गार ७, सरबत', मग 'गार ३'. आकडा म्हणजे सणक किती सेकंद टिकली. अठराव्या दिवसाच्या चौकटीत नुसतं दूध होतं. ते पान त्यांनी मला दाखवायला आणलं, आणि कुठल्याही एक्स-रेपेक्षा ते मला जास्त सांगून गेलं. आकडा उतरतोय ना, एवढंच बघायचं असतं. एखादा दिवस वर-खाली झाला तरी चालतं. तुम्हीही तसं लिहा : काय लागल्यावर, किती सेकंद, कालच्यापेक्षा कमी की जास्त.

याबरोबर काय करायचं ते सांगते.

फार गार आणि फार गरम, दोन्ही काही दिवस टाळा. फ्रीजमधलं पाणी, बर्फ घातलेला उसाचा रस, लिंबू सोडा, वाफाळता चहा हे नको. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांना मात्र मी अडवत नाही, ते अंगाच्या उबेइतकंच असतं. आंबट पदार्थांनी दात आंबतात आणि सणक वाढते, म्हणून मिसळीवर लिंबू थोडे दिवस कमी पिळा. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या.

संवेदनशील दातांसाठीची पेस्ट सकाळ-रात्र वापरा. पाकिटावर पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के किंवा स्टॅनस फ्लोराईड असं काही लिहिलेलं असतं. ही पेस्ट एका दिवसात काम करत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण पेलाभर पाण्यानं खळखळून धुऊ नका, नाहीतर औषध बेसिनमध्ये जातं. रात्री झोपताना बोटावर थोडी घेऊन कॅप आणि हिरडी जिथं मिळतात त्या कडेला हलकी चोळली तर अजून बरं. कॅपच्या खाली ही पेस्ट पोचत नाही. हिरडी सरकून दाताची मान उघडी पडली असेल तिथं तिचा खरा उपयोग.

आणि मिश्री बंद. आमच्या भागात मावश्या-आज्ज्या दिवसातून दोन-तीनदा मिश्री लावतात, तिनं दात बरा वाटतो असं म्हणतात. तंबाखूनं थोडा वेळ बरं वाटत असेल, पण ती भाजलेली जाडीभरडी पूड बोटानं दाताच्या मानेवर घासली की मान झिजते, हिरडी खाली सरकते आणि कॅपची कडा उघडी पडते. हजारो रुपये घालून बसवलेल्या कॅपखालचा दात मग कडेनं किडतो. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो, हे तर आहेच. मी हे प्रत्येकीला सांगते, आणि सांगत राहणार.

हिरडी दुखत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा चूळ भरा. लवंगेचं तेल कापसावर घेऊन हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाताशेजारी ठेवायची पद्धतही तशीच घातक. दुखण्यावर पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. आयबुप्रोफेन जेवणानंतर चालते, पण किडनीचा त्रास, पोटात अल्सर, दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

तीन आठवड्यांनीही सणक तेवढीच असेल तर दाखवा. ती कमी होण्याऐवजी वाढत चालली असेल तर तीन आठवडे थांबूही नका.

कळ : इथं फार वाट बघू नका

दवाखाना सुरू केला त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एक ताई कॅप बसवल्यावर चौथ्या दिवशी "चावताना दुखतंय" म्हणून आल्या. मी घाईत कागद ठेवला, डाग ठीक वाटले, आणि म्हटलं, "नवीन आहे, सवय होईल." त्यांनी विश्वास ठेवला. दीड महिना त्या दुसऱ्या बाजूनं जेवल्या. परत आल्या तेव्हा तो दात ठणकत होता आणि त्याचं रूट कॅनाल करावं लागलं. उंच राहिलेल्या चाव्यामुळेच नस गेली, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, दात आधीच खोल किडलेला होता. पण मी त्यांना ताठ बसवून, जबडा बाजूला सरकवायला लावून तपासलं नव्हतं. तसं तपासल्यावर कॅप मागच्या कोपऱ्यात अडत होती. तेव्हापासून "सवय होईल" हे शब्द मी चाव्याच्या बाबतीत तोंडातून काढत नाही.

दात हाडात थेट घट्ट बसलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते आणि तिला केसाच्या जाडीएवढा फरकही कळतो. कॅप तेवढी जरी उंच राहिली तरी प्रत्येक घासाला, प्रत्येक आवंढ्याला तो दात ठोकला जातो. गादी सुजते, सुजली की दात आणखी किंचित वर येतो आणि आणखी ठोकला जातो. म्हणून ही कळ दिवसागणिक वाढते. रात्री दात खाणाऱ्यांना तर फारच.

तर दोन-तीन दिवसांनंतरही चावताना कळ असेल, किंवा कॅप आधी लागते असं वाटत असेल, तर फोन करा आणि जा. "परत परत काय जायचं" असा विचार करू नका. पाच-दहा मिनिटांचं काम असतं, बहुतेक वेळा भूलही लागत नाही. तिथं तीन गोष्टी मागून घ्या : झोपवून तपासलं तसंच ताठ बसवूनही कागद ठेवा, जबडा दोन्हीकडे सरकवून बघा, आणि घासल्यावर कॅपला चकाकी द्या. झिर्कोनिया किंवा सिरॅमिकची कॅप खरबरीत राहिली तर समोरचा दात झिजवते. चावा बरोबर झाल्यावरही सुजलेली गादी शांत व्हायला काही दिवस लागतात, तेवढे मऊ भात-आमटीवर काढा.

चावा बरोबर आहे तरी कळ आहे, असंही होतं. चावताना नाही, पण चावलेलं सोडताना झटकन कळ येत असेल तर दाताला तडा असू शकतो. हे निरीक्षण डॉक्टरला आवर्जून सांगा, कारण बारीक तडा एक्स-रेत बहुतेक दिसत नाही. प्रत्येक जेवणात मटणाचा धागा किंवा मेथीचं पान कॅप आणि शेजारच्या दातामध्ये अडकत असेल, तर दोन दातांमध्ये फट राहिली आहे. दुखते ती हिरडी, दात नव्हे. टोकरत बसण्यात अर्थ नाही, कॅप दुरुस्त करावी लागते किंवा नवी करावी लागते. आणि हिरडी एकाच जागी लाल होऊन ब्रश लागताच रक्त येत असेल, तर जादा सिमेंटचा कण खाली राहिलेला असू शकतो. तो काढला की दोन-चार दिवसांत हिरडी निवळते.

गूळ लागला की कळतं

गार-गरम चालतं पण गूळ, काकवी किंवा जिलेबी लागली की नेमक्या एका कडेला सणक येते, असं असेल तर कॅपच्या कडेवर संशय घ्या. कडा नीट बसली नाही, सिमेंट धुपलं, किंवा कडेला कीड लागली, तर गोडाचा पाक तिथून आत शिरतो. गुऱ्हाळाच्या हंगामात माझ्याकडे अशा तक्रारी हमखास येतात. पहिले थोडे दिवस असेल तर चालून जाईल, पण महिन्यानंतरही राहिलं, किंवा वर्षभर ठीक असलेल्या कॅपला नव्यानं सुरू झालं, तर कडा तपासून घ्या. धातूच्या कॅपखालचं एक्स-रेत दिसत नाही, कडेची कीड मात्र बरेचदा दिसते.

ठणका

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गरम चहानं भडकून गार पाण्यानं थांबणारं दुखणं, किंवा कानशिलापर्यंत जाणारे ठोके ही नस आतून सुजल्याची लक्षणं आहेत. अशी नस बहुतेक परत बरी होत नाही आणि रूट कॅनाल करावं लागतं. त्यासाठी कॅप फोडावीच लागते असं नाही. पुष्कळदा कॅपला वरून लहान भोक पाडून काम करतात आणि मग ते बंद करतात. हा प्रश्न आधीच विचारून घ्या.

मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून खाऊ नका. आत सुजलेल्या नसेवर तिचा उपयोग होत नाही आणि दोन-चार दिवस वाया जातात. आणि आठवडाभर ठणकणारा दात एका सकाळी अचानक गप्प झाला, तर तो बरा झाला असं धरू नका. नस मेली की दुखणं थांबतं, आणि पू व्हायला तिथून सुरुवात होऊ शकते. हिरडीवर पुटकुळी आली, तिच्यातून खारट येऊ लागलं, तर ते हेच.

गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घ्यायला जड जात असेल, सूज गळ्याकडे उतरत असेल, तर दाताचा दवाखाना उघडण्याची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

रूट कॅनाल झालेल्या दाताला कॅप आहे आणि तरी दुखतंय

चावताना दुखत असेल तर आधी वर सांगितलेला चावा तपासायचा. तो ठीक असेल तर मग मुळातली, नस असते ती एखादी बारीक नळी साफ करायची राहून गेली का, मुळाला तडा आहे का, हे बघायचं. वरच्या पहिल्या दाढेत बरेचदा अशी चौथी नळी असते आणि ती सापडायला अवघड जाते. गार लागून सणक येत असेल तर बहुतेकदा शेजारचा दात गुन्हेगार असतो. वरच्या मागच्या दाढा दुखत असतील आणि सोबत सर्दी, डोकं जड, खाली वाकल्यावर दुखणं वाढतंय असं असेल तर सायनसचा, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीचा, त्रासही असू शकतो. त्या दाढांची मुळं त्या पोकळीला अगदी लागून असतात.

ज्यांची कॅप अजून बसायची आहे

रूट कॅनाल न करता कॅप होणार असेल तर आधी एक्स-रे झालाय का ते विचारा. तात्पुरती कॅप मागून घ्या, आणि ती निघाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता परत बसवून घ्या, उसाची तोड सुरू असली तरी. पक्की कॅप आली की सिमेंट लावायच्या आधी ती नुसती बसवून बघतात. शक्य असेल तर तेव्हा भूल न घेता बसा आणि घाई करू नका. दात टेकवा, उठून ताठ बसा, पुन्हा टेकवा. "एक दात आधी लागतोय" हे तेव्हाच बोला. त्या वेळी कॅप डॉक्टरच्या हातात असते, बाहेर काढून निवांत घासता येते आणि चकाकी देऊनच परत बसवता येते.